पांढऱ्या खडकावरचे मडके

अबकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला फिरायला नेण्यात अर्थ नाही, असे आमच्या मंडळींचे ठाम मत आहे. "तुम्ही देवळातले तीर्थसुद्धा हुंगून घेता," असे त्या म्हणतात, आणि ते खोटे नाही. तरी वसईच्या पुढे समुद्रात एक ओसाड खडक आहे, तिथे पाखरे उघड्या दगडावर अंडी घालतात, असे ऐकले आणि मी निघालो. खरे सांगतो, पाखरे हे निमित्त. जिथे कोणी राहत नाही तिथे ठाण्याजवळच्या खाडीकाठच्या कोलशेतच्या होड्या कशाला जातात, हा माझा खरा प्रश्न होता.

चैत्रात कल्याणहून आगगाडीने ठाण्यास उतरलो. पुढे कोलशेतपर्यंत बैलगाडी. गाडीवानाने चार आणे मागितले. तो तीनवर इतक्या झटकन आला की दोनच सांगायला हवे होते, असे वाटत राहिले. तिथे ठरवलेल्या होडीचा नाखवा जोमा साठीचा, मोजके बोलणारा. मोजके बोलणाऱ्यांवर माझा आधीच विश्वास नाही.

उजाडता ओहोटी लागली आणि होडी सुटली. डावीकडे घोडबंदरचे डोंगर, उजवीकडे पुढे वसईचा पडका कोट. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. चटणी इतकी झकास होती की घटकाभर मी जोमाला चांगला माणूस समजलो.

पण होडीत मडकी दोन होती. एक उघडे, त्यातले पाणी आम्ही पीत होतो. दुसऱ्याचे तोंड फडक्याने बांधून वर चिखल लिंपलेला.

"यात काय रे?"

"तं पिवाचं नाय, भाऊसाहेब," एवढे म्हणून जोमा शिडाकडे बघू लागला.

झाले! न पिण्याचे, चिखलाने बंद केलेले आणि ओसाड खडकाकडे निघालेले मडके. मला अजून काय हवे?

खडक लांबून चुना फासल्यासारखा दिसतो; ती पाखरांची शीट. जवळ गेल्यावर काळा कातळ दिसतो, मधोमध चिरलेला. खाली कालवांचा थर. जाणाऱ्यांनी जाड वहाणा घालाव्यात, माझ्या टाचेला अजून खूण आहे. झाड एकही नाही, गोडे पाणी थेंबभर नाही. खळग्यांत समुद्राचे पाणी आटून मिठाची साय धरलेली, तिच्याभोवती लाल खेकडे. डोक्यावर सुरय पक्ष्यांचा असा गिल्ला की कान बधिर व्हावेत. जोमाने ठिपक्याठिपक्यांचे खडे दाखवले. "अंडी," म्हणाला. थापा, असे मनात म्हणत मी एक उचलला, तर तो कोमट होता. हळूच जागेवर ठेवला.

वळून पाहतो तो जोमा ते मडके छातीशी धरून कातळातल्या चिरेकडे निघालेला. हाक मारली, उत्तर नाही. पाठोपाठ गेलो. त्याने मडके आत सावलीला ठेवले आणि हात जोडले. नवसाच्या नावाखाली दारू लपवणारे मी पुष्कळ पाहिलेत. मी काठी उगारली आणि मडके फोडले.

वास कसलाच आला नाही. पाणी कातळावरून वाहत गेले.

जोमा खापऱ्या वेचू लागला. मग म्हणाला, "आमचा भाऊस होरी फुटून हिथं तीन दिस रयला. पानी नव्हता. मेला. तवापास्नं जी होरी येल ती मडका ठेवते. जो कोन हिथं आरकून रयल त्याला. ठेवताना बोलाचा नाय."

जोमाने होडीतले आमचे पिण्याचे मडके आणले, फडके बांधले आणि चिरेत ठेवले.

भरतीबरोबर परतलो. घोडबंदर येईतो उन्हाने घसा कोरडा पडला होता, ओठ फुटले होते, आणि पाणी मागण्याचे तोंड मला नव्हते. कोलशेतला जोमाच्या सुनेने तांब्या पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा काही न हुंगता प्यालो.

कुणाला जायचे असेल तर फाल्गुन-चैत्रात जा, सकाळची ओहोटी धरा, अंड्यांवर पाय पडू देऊ नका. मडकी दोन न्या.

कल्याणला आलो तरी ते वाहून गेलेले पाणी डोळ्यांपुढून जाईना. पंधरवड्याने कुंभाराकडून नवे मडके घेतले, घरच्या विहिरीचे पाणी भरले, तोंड लिंपले आणि मांडीवर घेऊन कोलशेत गाठले. जोमाने ते हातात घेतले. नखाने चिखल खरवडला, फडके उचलले आणि मडके हुंगले.

मी मान खाली घातली. त्याने पुन्हा चिखल लावला आणि काही न बोलता मडके होडीत ठेवले.