लाँड्रीच्या माडीवरचा वर्ग

लाँड्रीच्या वरच्या खोलीत बाईंचा वर्ग भरायचा. खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी बारा महिने कोमट. "निम्मं काम खालचा इस्त्रीवालाच करतो," असं त्या हसून म्हणायच्या. बावीस वर्षं शिवणयंत्रावर वाकून त्यांची स्वतःची मान आणि झोप, दोन्ही गेली होती. एका म्हाताऱ्या नर्सनं त्यांना सावकाश श्वास सोडायला, एकेक अंग सैल टाकायला शिकवलं, तेव्हा कुठं त्या माणसात आल्या. मग नोकरी सोडून तेच शिकवू लागल्या. लोक रडवेले होऊन यायचे, हलके होऊन जायचे. बाईंच्या हाताला गुण होता, यात खोटं काही नव्हतं.

बाईंची मोठी बहीण मात्र कधी वर्गाला आली नाही. "आडवं पडायला शिकवणी कशाला लागते गं?" म्हणून चिडवायची. एका सकाळी ती जिना चढून आली ती घामाघूम होऊन. पाठीत कळ, जबडा जड, जीव घाबरा. सोबत तिची मुलगी.

"मावशी, दवाखान्यात नेऊ या का?"

"अगं, असे रोज चार जण येतात माझ्याकडे. घर सोडायची नोटीस आल्यापासून धसका घेतलाय तिनं. पड ताई, डोळे मीट."

ताई पडली. बाईंनी तळपाय चोळले, श्वास मोजून दिला. पाऊण तास गेला. "बरं वाटतंय," ताई म्हणाली. खरंच वाटत होतं, की धाकटीचं मन मोडवेना, ते आता कोण सांगणार? उठायला गेली आणि कोसळली.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुखायला कधी लागलं, एवढंच डॉक्टरांनी विचारलं. भाचीनं वेळ सांगितली. बाईंनी मान खाली घातली.

त्या दिवसापासून भाचीनं बोलणं टाकलं. महिनाभर वर्गाला कुलूप होतं. पुन्हा उघडल्यावर बाई दारातच विचारायच्या, "डॉक्टरांना दाखवलंत? आधी दाखवा, मग या." छातीत धडधडतंय म्हणणाऱ्याला तर आतच घेईनात. लोक वैतागले, एकेक जण गळत गेला. स्वतः बाई आडव्या पडल्या की त्यांना ताईचं घामेजलेलं कपाळ दिसायचं, आणि त्या उठून बसायच्या.

वर्षानं, भर दुपारी, भाची आली. डोळे खोल गेलेले.

"झोप येत नाही मला. डॉक्टरांकडे जाऊन आलेय, ते विचारू नकोस. गोळ्यांनी नुसती गुंगी येते."

बाईंनी चटई टाकली. "श्वास घे. एक, दोन..."

"मोजू नकोस! नाही ऐकवत मला."

बाईंनी मोजणं सोडलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन केसांतून बोटं फिरवत राहिल्या. झोप काही लागली नाही. तासाभरानं भाची उठली, चपला घातल्या.

"माफ नाही केलेलं मी तुला."

"माहीत आहे."

"गुरुवारी येऊ?"

"ये."