आईचा गुडघा

चैत्रात एके सकाळी आई शेगडीपुढे बसली आणि तिला उठता आलं नाही.

बाबांनी तिला धरून खाटेवर आणलं. गुडघे तिचे आधीपासून दुखत. भंडाऱ्याकडच्या गावी धानाच्या रोवणीत तिने कित्येक पावसाळे वाकून काढले होते. बाबा कारखान्यात फिटर. त्यांनी उजव्या गुडघ्याला कान लावला, पाय हळूच वाकवला, आतली करकर ऐकली.

"बेअरिंग गेलं," ते म्हणाले. "आता शटडाऊन. उठाचं नाई, चालाचं नाई."

दोन महिने आई खाटेवर होती. ड्यूटीवरून आले की बाबा कोमट तेलाने तिचा गुडघा चोळत. स्वयंपाक बाबा आणि मी करायचो. आई छताकडे पाहत पडून राही. भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, यायच्या होत्या. त्यांचा पुरणाचा नैवेद्य लग्नापासून तिने एकदाही दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता.

"यंदा कोनाले सांगाल?" तिने एकदाच विचारलं. बाबांनी तेलाची वाटी उचलली.

पाय बारीक होत चालला तेव्हा बाबा आणि मी तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, सांध्यातली गादी झिजली आहे, ती परत यायची नाही. आणि व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथे केरळकडच्या एक बाई होत्या. त्यांनी आईच्या दोन्ही मांड्या चाचपल्या.

"आराम किसने करवाया?"

"मैंने," बाबा म्हणाले, आणि बेअरिंगचं सगळं सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. "बेअरिंग को जो पकडके रखता है, वही ढीला हो गया. जांघ को काम दो."

"गलती मेरी," बाबा म्हणाले. वीस वर्षं हातात पाना धरलेल्या माणसाने आपलं चुकलं हे इतक्या सहज मान्य केलेलं मी तेव्हा पाहिलं. घरी येताच त्यांनी जुन्या निळ्या पँटचा पाय कापून पिशवी शिवली. समोर नवे क्वार्टर बांधत होते, तिथली वाळू मुकादमाला विचारून आणली आणि पिशवीत भरली. पिशवी आईच्या घोट्याला बांधायची, पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा.

आईला घड्याळ कळत नसे. ती कारखान्याच्या भोंग्यावर व्यायाम करी. पहिल्या दिवशी पाय तीनवरच खाली आला.

"मोजा ना पुढं," ती बाबांना म्हणाली. "मी मोजून राहिली तं घाई होते."

श्रावणात ती दहापर्यंत पोचली. बाबांनी शेगडी ठेवायला कमरेइतकी उंच लोखंडी घोडी बनवली. महालक्ष्म्यांच्या दिवशी आईने घोडीपुढे उभं राहून पुरण शिजवलं. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "वैनी, उभ्यानं नैवेद? देवीले चालते का?"

"माह्या महालक्ष्म्याबी उभ्याच हायेत, बाई. त्यायले कोन बसवते?"

काकू आत येऊन पोळ्या लाटू लागल्या.

गुडघा बरा झाला नाही. हिवाळ्यात सुजायचा, ती शेकायची, लंगडायची, पण चालायची. बाबा वारल्यावर दहा ती स्वतःच मोजू लागली, सावकाश.

गेल्या पौषात आई गेली. वाळूची पिशवी अजून तिच्या खाटेच्या पायाला बांधलेली आहे.