किडेबाईची दहावी रेघ

तिला सगळे किडेबाई म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. एका संशोधन संस्थेत ती मदतनीस होती. काम सांगायला सोपं, करायला चिवट. ठरलेल्या बारा ठिकाणी दर आठवड्याला तीनशे पावलं सरळ चालायचं आणि दोन्ही बाजूंना जे दिसेल ते वहीत उतरवायचं. किती जातींची झाडंझुडपं, किती फुलपाखरं, किती पक्षी. शिवाय दर तीस पावलांवर जमिनीत काठापर्यंत पुरलेला एक प्लास्टिकचा पेला, तळाशी साबणाचं पाणी. जमिनीवरून फिरणारे भुंगेरे नि कोळी त्यात पडत, ते गाळून डबीत भरायचे आणि डबीवर चिठ्ठी चिकटवायची. या चालीला संस्थेत रेघ म्हणत. एकोणीस वर्षं तिने बारा रेघा सांभाळल्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छातीही झाली नाही.

शेतकरी तिला पाण्यात पाहत. तिच्या वहीत एखादा दुर्मीळ पक्षी शिरला की सरकार त्या जमिनीवर बंदी घालणार, अशी वावडी कोणीतरी उठवली होती. ती खोटी होती. पण हे समजावून सांगायचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. "मी तुमची मास्तरीण नाही," एवढंच ती म्हणे. कोणी कुत्रं सोडलं तर कुत्र्याचा रंग नि वेळ वहीत लिही आणि पुढे चालू लागे. तिच्याही जिभेला हाड नव्हतं. तिच्यावर प्रेम करणं सोपं नव्हतं, हे तिचे हितचिंतकही मान्य करत. म्हणजे संस्थेतल्या मॅडम. दुसरं कोणी नव्हतंच.

दहावी रेघ तिच्या धाकट्या भावाच्या शेतातून जाई. बाबांची दोन शेतं, आणि मध्ये जुनं जिवंत कुंपण, ओढ्याकाठच्या झाडीपासून थेट रस्त्यापर्यंत. काटेरी झुडपं, त्यांच्यावर चढलेल्या वेली, खाली पालापाचोळा. बाबा गेल्यावर तिने सही करून आपला हिस्सा भावाला सोडला होता. त्या कुंपणात तिने वनस्पतींच्या त्रेचाळीस जाती मोजल्या होत्या. बाराही रेघांमध्ये हा आकडा सगळ्यांत मोठा. तो मॅडमनी एका सभेत सांगितला, सभेची बातमी वर्तमानपत्रात आली, आणि भावाचं डोकं फिरलं.

त्यातच एका कारखान्याने त्याच्याशी करार केला. एकच पीक, सलग शेत, कापणी मोठ्या यंत्राने. कुंपण जाणार असं कानावर आलं, तशी ती तडक त्याच्या घरी गेली. भाऊ स्वयंपाकघरात जेवत होता. भावजयीने तिच्यासमोर चहा ठेवला, तो असा की अर्धा बशीत सांडला.

"कुंपण काढतोयस म्हणे."

"माझ्या जमिनीतलं कुंपण आहे."

"बाबांनी चाळीस वर्षं ठेवलं ते काय उगाच?"

"बाबांकडे बैल होते, ताई. बैल जागच्या जागी वळतो. यंत्राला वळायला जागा लागते, ती माझी फुकट जाते."

"आणि त्यात जे राहतं त्याचं काय?"

"काय राहतं? काटे, साप आणि तुझे पेले." त्याने ताट पुढे सारलं. "पेपरात माझं शेत तुझ्या मॅडमच्या नावाने छापून आलं. मला कोणी विचारलं होतं?"

हे खरं होतं. कोणी विचारलं नव्हतं. ते तिला कळलं, पण तोंडून कबूल करणं तिला जमलं नाही. "तुला विचारायला तू कोण?" असं भलतंच ती बोलून गेली, आणि चहा तसाच टाकून निघाली.

पुढच्या आठवड्यात दहाही पेल्यांत डिझेल होतं. तिने एकेक पेला उपटला, ओढ्यापासून लांब नेऊन रिकामा केला, बादलीतल्या पाण्याने घासला आणि परत पुरला. वहीत लिहिलं: "पेले एक ते दहा, डिझेल. टाकणारा ठाऊक आहे."

मॅडमनी फोनवर समजूत काढली. "आपण दहावी रेघ दुसरीकडे हलवू. कशाला घरात भांडण?"

"मरायला लागलं की रेघ हलवायची, मग मेलेलं दिसणार कुठे? जिवंत जागा हुडकत फिरायचं असेल तर दुसरी बाई बघा."

खोदाईचं यंत्र आलं त्या दिवशी ती रस्त्याच्या कडेला वही घेऊन उभी होती. यंत्राचा दात मुळांखाली घुसला की अख्खं झुडूप मातीसकट वर येई आणि खालची ओली जमीन उघडी पडे. त्यातून जे निघालं ते तिने लिहिलं. दोन बेडूक, एक मुंगूस, सरडे किती ते मोजता आले नाहीत. मग एक चिचुंद्री निघाली. तिच्या मागे पिल्लं, प्रत्येकाने पुढच्याची शेपटीजवळची कातडी तोंडात धरलेली, अशी माळच्या माळ. उघड्या ढेकळांत ती दहा पावलंही गेली नाही. यंत्रवाल्याच्या कुत्र्याने माळ संपवली. किडेबाईने "पाच" असा आकडा लिहिला आणि पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

भाऊ जवळ आला. "लिही, लिही. माझं नाव मोठ्या अक्षरात लिही."

"या वहीत तुझ्यासाठी रकाना नाही," ती म्हणाली. "इथे ज्याचा उपयोग आहे त्यालाच रकाना."

यंत्रवाला फिसकन हसला. तेवढ्याने भावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने यंत्र थांबवलं आणि मधल्या वीस पावलांच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "तेवढं सोड. ते माझ्या बहिणीला. भीक समजून घे, ताई."

तिने ती भीक घेतली. दहावी रेघ तशीच चालत राहिली. आता शंभराहून जास्त पावलं उघड्या मातीतून, वीस झुडपांतून, पुन्हा उघडी माती. त्या तुकड्याला नंतर कोणी हात लावला नाही, तरी तो आतून रिकामा होत गेला. पहिल्या वर्षी सव्वीस जाती, दुसऱ्या वर्षी नऊ. मोठे भुंगेरे एकदा मेले ते मेले, झाडीतून नवे यायला वाटच नव्हती. बुलबुलाचं घरटं ओस पडलं. फळं खाऊन बिया टाकणारं पाखरू फिरकेना, तसा एक आक्रमक वेल माजला आणि तो बाकी सगळ्यांच्या उरावर बसला.

तिसऱ्या हंगामात भावाच्या पिकावर मावा पडला. पानं खालून चिकट आणि काळी. त्याने चार वेळा फवारलं. दर खेपेला मावा आठवडाभर दबे आणि मग दुप्पट उठे, कारण त्याला खाणारे ढालकिडे फवाऱ्यात आधी मरत आणि नवे यायला आसपास आडोसा उरला नव्हता. शेजारी गोठेवाल्या काकूचं शेत होतं. तिच्या कडेचं कुंपण अजून झाडीला जोडलेलं होतं, आणि तिथे मावा होता, पण पीक उभं होतं. भावाने याचा उलटाच अर्थ लावला. कीड तिच्या कुंपणातून येते, म्हणून तेही काढा, असा अर्ज त्याने ग्रामपंचायतीत दिला.

शाळेच्या हॉलमध्ये बैठक बसली. किडेबाई न बोलावता गेली. तिने वही उघडून दोन्ही शेतांचे आकडे वाचले. कुठे मावा किती, ढालकिडे किती, कुंपणापासून किती पावलांवर. तिसऱ्या पानावर भाऊ उठला.

"ही माझी बहीण नाही, सरकारची हेर आहे. सख्ख्या भावाच्या मुळावर उठलीय."

"मुळावर कोण उठलं ते सगळ्यांनी रस्त्यावरून पाहिलंय," ती म्हणाली आणि पुढचं पान वाचू लागली.

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, किडेबाईला बाहेर काढा. एकाने तिच्या हातातली वही ओढली, एक पान टरकन फाटलं. ती फाटक्या पानासाठी खाली वाकली, तेव्हा कोणाचा तरी पाय त्यावर होता. तो निघेपर्यंत ती तशीच वाकून थांबली. तिच्या आकड्यांनी त्या हॉलमध्ये एकाचंही मन वळलं नाही.

कुंपण वाचलं ते वेगळ्याच कारणाने. गोठेवाली काकू आणि भाऊ यांच्यातून विस्तव जात नव्हता. पूर्वी तिची गाय त्याच्या शेतात शिरली म्हणून त्याने ती दोन दिवस कोंडून ठेवली होती. काकू सावकाश उठली. "मला ते किडे नि आकडे काही कळत नाहीत. हा काढा म्हणतो ना? मग राहू दे." आणि ती निघून गेली. जमीन तिची, त्यामुळे विषय तिथेच संपला.

पीक हातचं गेल्यावर कारखान्याने पुढच्या वर्षी करार केला नाही. काही महिन्यांनी भावजय किडेबाईच्या खोलीवर आली. आत ये म्हटलं तरी दारातच उभी राहिली.

"हे म्हणतात, काकूंच्या कुंपणालगतची चार पावलं जागा नांगरणार नाहीत. फवारणारही नाहीत. तिथे यंत्र वळत नाही म्हणतात."

"यंत्र वळतं."

"ते म्हणतात, वळत नाही."

"बरं. नाही वळत."

"आणि घरी येऊ नका म्हणतात."

"येणार नव्हतेच. पेपराचं मात्र त्याला विचारायला हवं होतं. सांग त्याला."

भावजयीने मान हलवली. तिने ते सांगितलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

त्या चार पावलांच्या पट्ट्यात पहिल्या वर्षी अकरा जाती उगवल्या, दुसऱ्या वर्षी एकोणीस. काकूच्या कुंपणातून काळे भुंगेरे सरकत सरकत तिथवर आले. तिने मॅडमना सांगून त्या पट्ट्याची तेरावी रेघ आखली, दहावी होती तिथेच ठेवून. शेताच्या दोन टोकांना बहीण-भाऊ कित्येकदा समोरासमोर येत. तो मान फिरवी, ती वहीत बघे. ती निवृत्त झाली तोवर त्यांच्यात एका शब्दाचीही देवाणघेवाण झाली नाही. पट्टा मात्र त्याने मोडला नाही.