गवताची वहिवाट

इंझोरीकडच्या आमच्या गावात सरकारी चराऊ जमिनीला ई-क्लास म्हणतात. बौद्ध झाल्यावर आजोबांनी तिच्यातला एक तुकडा दगड वेचून वहितीत आणला. तेव्हापासून आम्ही तो कसतो, आणि तेव्हापासून सरकारदरबारी आम्ही अतिक्रमणवालेच.

आजोबांनी एक रीत घालून दिली होती. एका साली अर्ध्यात पेरा, अर्ध्यात गवत. पुढच्या साली अदलाबदल. जमीन मुळात गावच्या ढोरांची, तेव्हा त्यांचा वाटा सोडायचा. मायनं ती रीत कधी मोडली नाही. गवतातल्या पळसाला कुणी कुऱ्हाड लावली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

गेल्या उन्हाळ्यात सोलर प्रकल्पासाठी पाहणी आली. सरकारची भाषा मोठी गोड: वीज हवी, चराईही राखायची आणि गरिबाचा ताबाही नियमित करायचा. मी मालेगावला मास्तर. मला वाटलं, कायदा आपल्याच बाजूनं बोलतोय. पाहणीला आलेल्या साहेबांनी गवताचा अर्धा भाग बघितला आणि म्हणाले, "इथं वहिवाट दिसत नाही. ही रिकामी. प्रकल्पाला जाईल."

"रिकामी कायले म्हनता साहेब?" माय म्हणाली. "गावाचे ढोरं चरून राह्यले न तिथं. पुढच्या साली तूर पेरतो मी."

"आजी, आज जे दिसतं तेच आम्ही धरतो."

शेजाऱ्यानं बोरी-पळस उपटून पार बांधापर्यंत नांगर घातला होता. त्याची वहिवाट मात्र लगेच दिसली. माझं डोकंच फिरलं. चराई राखायचा कायदा, आणि जिनं चराई राखली तिचीच जमीन जाणार! तहसीलला खेटे घातले, आवाज चढवला, हरकत घेतली. पदरात पडलं एवढंच, की पुन्हा पाहणी होईल.

"कवा येतीन?" मायनं विचारलं.

"सोमवारी."

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "ट्रॅक्टरवाल्याले फोन कर. गवत पालटून टाक. पळसही काढ."

"माय, तू म्हनतं हे?"

"मंग काय करू? जमीन गेल्यावर गवत काय डोक्यावर राखू?"

रविवारी नांगर फिरला. मी बांधावर उभा होतो आणि कुणाला शिव्या द्याव्यात तेच कळत नव्हतं. सोमवारी साहेब आले, नांगरटीकडे बघून खूश झाले. "हं, आता दिसतेय वहिवाट!"

मायनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. रोजच्या सवयीनं चरायला आलेली गावची ढोरं ती काठी घेऊन हाकलत होती.