शेंदराचा रकाना

डॉ. शैलजाताई करंबेळकर यांची आणि माझी पहिली ओळख अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलच्या घरी, देवघरासमोर झाली. या गौरवग्रंथात लिहिणारे बाकी सगळे ताईंच्या विद्यापीठातले प्राध्यापक नाहीतर विद्यार्थी आहेत. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. पण ताईंना साठ वर्षं पूर्ण होताहेत आणि संपादकांनी फोन करून आग्रह केला, म्हणून धीर करून लिहिते.

आमची नात इरा तेव्हा दोन वर्षांची व्हायची होती. नेहमीच्या तपासणीत तिच्या रक्तात शिसं निघालं. ती आता ठणठणीत आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण तेव्हा आमच्या घरातलं बोलणंच आटलं होतं. शिशानं मुलाच्या मेंदूला इजा होते, मूल शिकण्यात मागे पडतं, असं माझा मुलगा समीर यानं समजावून सांगितलं. काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, नर्स आली, भिंतींचा रंग बघितला, नळाचं पाणी तपासायला नेलं. काहीच सापडेना. समीर म्हणाला, "आई, घरच विकून टाकू या का?" सून मुग्धा कामावरून आली की इराकडे नुसती टक लावून बसायची.

नर्सबाईंनी विद्यापीठानं तयार केलेला एक छापील फॉर्म दिला होता. इंग्रजी नको म्हटलं तर हिंदीतला दिला, मराठीत नव्हताच. त्यात विचारलं होतं, घरात सिंदूर वापरता का? मी स्वच्छ 'नाही' लिहिलं. आपल्यात कुठे भांगात सिंदूर भरतात?

शेवटी काउंटीनं विद्यापीठाला कळवलं आणि एका शनिवारी सकाळी ताई स्वतः आल्या. राज्याच्या विद्यापीठातल्या एवढ्या मोठ्या संशोधक, पण दाराशी बूट काढले, आधी देवाला नमस्कार केला. केस वाळवायच्या यंत्रासारखं एक उपकरण त्यांच्या पिशवीत होतं. ते त्यांनी बाहेरच काढलं नाही. म्हणाल्या, "वहिनी, मला काही सांगू नका. रोज काय करता ते करा, मी बघते."

मी गडबडीत चहा टाकला. ह्यांनी तेलात शेंदूर कालवून मारुतीला लावला. वाटीत थोडा उरला. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून उरलेला शेंदूर मी डबीत काढून ठेवत असे आणि आठवडाभर इराला त्याचाच टिळा लावत असे. ती लगेच कपाळ पुसायची आणि बोटं तोंडात घालायची. त्या दिवशीही मी डबीत बोट बुडवलं, तसं ताईंनी माझं मनगट धरलं.

"वहिनी, फॉर्मवर तर तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"फॉर्मवर सिंदूर होतं हो. हा शेंदूर. मारुतीचा."

ताईंनी यंत्र काढून डबीवर धरलं, आकडा पाहिला आणि माझ्या शेजारी खालीच बसल्या. "हेच शिसं, वहिनी."

"म्हणजे मीच?" मुग्धा दारात उभी होती. ताई तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुम्ही नाही. चूक आमच्या फॉर्मची. त्याला मराठी येत नाही."

मी वेडीनं तेवढ्यातही विचारलं, "अर्धा पुडा शिल्लक आहे. देवापुरता वापरला तर?"

ताई हसल्या. "तो अर्धा पुडा मला दान करा."

हे म्हणाले, तळ्यात विसर्जन करू. ताई म्हणाल्या, "तळ्यात नको, भाऊ. तिथे लोकांची मुलं मासे पकडतात." मग त्यांनी तो पुडा प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला आणि पिशवीत बंद केला. मारुतीही त्यांच्याबरोबर गेले. अंगावरचे थर प्रयोगशाळेत नीट काढून, आठवड्यानं घरी आले. आता ते नुसत्या तेलावर प्रसन्न आहेत.

महिन्याभरानं ताईंनी मला विद्यापीठात बोलावलं. टेबलाभोवती त्यांचे विद्यार्थी. ताई म्हणाल्या, "या आपल्या तज्ज्ञ." मी म्हटलं, "अहो, मी मॅट्रिक." त्या म्हणाल्या, "शेंदूर आणि सिंदूर इथल्या एकाही पीएच.डी.ला वेगळे सुचले नाहीत. मलाही नाही." नागपूरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "काकू, बाळगुटी पण लिहू का?" मी म्हटलं, "लिही, आणि काजळही लिही. पण नावं कशाला विचारता? कपाळाला काय लावता, डोळ्यांत काय घालता, बाळाला काय चाटवता, ते विचारा." ताईंनी त्याच पद्धतीनं फॉर्म नव्यानं केला. आज तो कितीतरी भाषांत आहे, राज्यभरच्या नर्स तोच वापरतात आणि या कामासाठी अलीकडेच विद्यापीठाचा सन्मानही झाला. मराठी फॉर्मवर शेंदराचा रकाना सगळ्यांत वर आहे.

आता विद्यापीठाची माणसं महिन्यातून एकदा देवळात टेबल मांडतात आणि लोकांच्या हळदी-काजळाच्या पुड्या फुकट तपासून देतात. ताई कोणालाच रागावत नाहीत. एकदा एक सून सासूबाईंना ओढतच घेऊन आली. "मॅम, तुम्हीच सांगा यांना, माझं ऐकतच नाहीत." ताई शांतपणे म्हणाल्या, "सांगते. आधी तुमची लिपस्टिक द्या तपासायला." सासूबाई जन्माच्या खूष झाल्या.

एक गोष्ट मात्र मी घरी कोणाला सांगितली नव्हती. त्या शनिवारपासून मी इराला मांडीवर घेणं सोडलं होतं. मुग्धा एका शब्दानं बोलली नव्हती, मलाच हात लावायची भीती वाटे. इरा येऊन म्हणे, "आजी, अप!" आणि मी पोळ्यांचं निमित्त सांगे. पुढच्या रक्ततपासण्यांच्या वेळी ताईंनी ते पाहिलं असणार. कारण आकडा पुरता खाली आला, त्या दिवशी त्यांनी समीरला फोन केला आणि म्हणाल्या, "आधी तुझ्या आईला दे."

मला म्हणाल्या, "वहिनी, उतरलं सगळं. आता घ्या तिला."

मुग्धानंच इराला उचलून माझ्या मांडीत ठेवलं आणि म्हणाली, "आई, जड झालीये हं आता." त्या दिवशी पोळ्या तिनं केल्या.

मी ताईंपेक्षा वयानं मोठी आहे, तेव्हा आशीर्वाद द्यायचा हक्क आहे. ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे आणि नजर शाबूत राहोत. घराघरांत जमिनीवर बसून बघायचं तुमचं काम अजून पुष्कळ वर्षं चालो. आणि तुम्ही ज्या ज्या घरी जाल, तिथल्या आजीची मांडी भरलेली राहो.