लालासाबची गाडी आजऱ्याला गेली

लालासाब शिकलगारांनी गाडी घेतली हे मला शिरोली एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर कळलं. तिथं दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. गडद निळी, लांबलचक जर्मन गाडी, आणि ती उभी कुठं, तर भुशानं माखलेल्या पॅटर्न शॉपच्या दारात, त्यांच्या जुन्या तीनचाकी टेम्पोला खेटून.

मी सत्तावीस वर्षं एका फौंड्रीच्या तपासणी विभागात काढली. लालासाब आम्हाला पॅटर्न करून द्यायचे. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो, त्याचा आधी लाकडात नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून अलगद काढून घेतला की मागं पोकळी राहते, आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. नमुन्यात चूक झाली तर ती पुढच्या हजार तुकड्यांत उतरते. शिवाय रस थंड होताना लोखंड आखडतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. त्यामुळं लालासाबांच्या पट्टीवरचा फूट तुमच्या-आमच्या फुटापेक्षा किंचित लांब आहे. त्या पट्टीनं त्यांनी चाळीसेक वर्षं मोजलंय.

माणूस किडकिडीत. कानावर पेन्सिल, दाढी पांढरी, बोलणं तुटक. एकदा मी त्यांचा एक पॅटर्न तपासून पास केला होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच टेम्पो घेऊन आले आणि परत न्यायला लागले. मी म्हटलं, "अहो, मापात बसलाय."

"मापात बसलाय, पर बोटाला लागतंय की," ते म्हणाले, आणि घेऊन गेले.

गाडीमागचं कारण इमामबी. लालासाबांच्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला एसटी सोसेना की रिक्षा. गडहिंग्लजला तिचं माहेर, पण दोन वर्षं ती तिकडं फिरकली नव्हती. मुलगा आरिफ आता संगणकावर डिझाइन करून मशीनवर पॅटर्न कापतो, काम वाढलंय. त्यानं पुण्यातल्या एका डॉक्टरांची दोन वर्षं वापरलेली गाडी बघितली आणि बापाला न विचारता घरी आणली.

मी बघायला गेलो तो गाडी येऊन आठवा दिवस होता. लालासाब दाराशी उकिडवे बसले होते. हातात लाकडाची एक बारीक पाचर, निमुळती, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा.

"हे काय चाललंय?"

"दाराची फट बगतोय." त्यांनी पाचर फटीत घातली, जिथं अडली तिथली खूण मला दाखवली. "चारी दारं, सरनोबतसायेब. वर, खाली, म्होरं, मागं. सोळा ठिकाणी घालून बगितली. केसाएवढा फरक न्हाय. आपल्या घराची चौकट मी सोता बसवली, तिच्यात दोन सुताचा फरक हाय."

मग त्यांनी चपला काढल्या आणि आत बसले. मलाही काढायला लावल्या. दार ओढून घेतलं, तर धाड नाही, खाड नाही. पोत्यावर पोतं ठेवावं तसा दबका आवाज. आणि शेजारच्या शेडमधलं ग्राइंडर बंद पडलं. म्हणजे मला तसं वाटलं. काचेतून बघतोय तर ठिणग्या उडतच होत्या. आवाज तेवढा बाहेर राहिला होता.

"ऐकलासा?" लालासाब हळूच म्हणाले. आत हळूच बोललं तरी चालत होतं. चाळीस वर्षं एमआयडीसीत ओरडून बोलणाऱ्या माणसाला ते सुचलंच कसं, याचं मला नवल वाटलं.

आठ दिवसांत काय काय झालं तेही त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी सीट तापायला लागली. त्यांना वाटलं खालून काहीतरी जळतंय, म्हणून गाडी थांबवून बाहेर उडी मारली. मग आरिफनं दाखवलं की थंड मुलखातल्या लोकांसाठी तसं बटण असतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवर गुळाची ढेप ठेवली, तर गाडी पट्टा लावा म्हणून कोकलायला लागली. "तिला वाटलं कोन पावणं बसल्यात," ते म्हणाले. "मी ढेपंला पट्टा लावला. गप झाली." हे सांगताना ते हसले नाहीत. गाडीनं ढेपेचीही काळजी घेतली, याचंच त्यांना अप्रूप होतं.

पण खरी गोष्ट पुढं होती. समोरच्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडाची पट्टी बसवली होती. लालासाबांनी तिच्यावर बोट ठेवलं. डावीकडची नस आणि उजवीकडची नस, मधोमध पुस्तक उघडावं तशी एकमेकींसमोर पडली होती.

"एका वंडक्यातनं काडलंय," ते म्हणाले. "एक पातळ काप, त्याच्या लगतचा दुसरा काप, आनि दोन्ही उलगडून लावलंत. कोन बगनार हाय हे? बसनारा म्होरं रस्ता बगनार. तरी लावलंत." त्यांनी परत एकदा नसेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वस्तादांना दावाय पायजे."

वस्ताद म्हणजे कृष्णात सुतार. लालासाब सतरा वर्षांचे असताना त्यांच्या हाताखाली लागले. पुढं कृष्णातमिस्त्रींना काचबिंदू झाला. दोन्ही डोळे गेले, आणि बारा वर्षांपूर्वी कोल्हापूर सोडून ते गावी, आजऱ्याला गेले. आता वय चौऱ्याऐंशी.

"त्यांना दिसत नाही ना?" मी विचारलं.

"मग काय झालं," लालासाब म्हणाले.

रविवारी निघालो. आरिफ चालवत होता, लालासाब त्याच्या शेजारी, मागं मी आणि इमामबी. ऊस हंगाम सुरू होता. रस्ताभर ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून गळालेला ऊस डांबरावर पडलेला. इमामबीनं पहिला अर्धा तास समोरच्या सीटची पाठ घट्ट धरून ठेवली होती. संकेश्वर मागं पडलं तेव्हा बघतो तर तिचे हात मांडीवर सैल पडलेले आणि डोळे मिटलेले. गडहिंग्लजला भावाच्या दारात गाडी थांबली. ती कुणाचा हात न धरता उतरली, कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली, आणि आलेला रस्ता मागं वळून बघत राहिली.

"दुखतंय का?" लालासाबांनी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "म्हनून तर बगायलोय."

तिला तिथं सोडून आम्ही आजऱ्याला पोचलो. कृष्णातमिस्त्री सोप्यात खुर्चीवर बसले होते. सून क्रांतीनं त्यांना धुतलेलं धोतर नेसवलं होतं. लालासाबांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"लाल्या, गाडी आनलीस म्हनं."

"व्हय वस्ताद."

"धुतलीया का? धुळीतनं काय कळायचं न्हाय मला."

आरिफनं विहिरीच्या पाण्यानं गाडी परत धुतली, क्रांतीनं जुन्या सुती लुगड्यानं कोरडी केली. मग लालासाबांनी वस्तादांना दंडाला धरून पुढच्या दिव्याशी नेलं आणि हात सोडला.

त्यानंतर जे झालं तसं मी माझ्या सगळ्या नोकरीत बघितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं दोन्ही तळवे गाडीवर ठेवले आणि काही वेळ नुसता उभा राहिला. मग उजवा हात सरकायला लागला. बोटं नाही, आधी तळवा. दिव्यावरून, बॉनेटच्या कडेवरून, हळूहळू. जिथं उंचवटा असेल तिथं तळवा उचलायचा आणि चार बोटं पुढं यायची. उंचवटा संपला की परत तळवा. दार आलं. फटीवरून हात गेला, थांबला, मागं आला, पुन्हा गेला. गल्लीतली पाच-पंचवीस माणसं गोळा झाली होती. एका बाजूलाच त्यांना अर्धा तास लागला.

"ही उंचवट्याची रेघ दिव्यापासनं निघालीया," ते म्हणाले. "कुटं तुटली न्हाय. दोन दारं मदी आली तरी तुटली न्हाय. फटीच्या अल्याड जेवढी उंच, तेवढीच पल्याड." परत चार पावलं. मग मागच्या चाकाच्या वर हात थांबला. तो तिथंच मागं-पुढं व्हायला लागला, दोन इंचांत. "लाल्या, हितं ये."

लालासाब गेले. वस्तादांनी त्यांची बोटं धरून पत्र्यावर ठेवली. "हितं रेघ मरती. कशी मरती बग."

लालासाबांनी डोळे मिटले. रोज स्वतःच्या हातानं गाडी पुसणारा हा माणूस. बराच वेळ गेला. मग त्यांचा चेहरा बदलला.

"घावलं?"

"घावलं. मला वाटत हुतं रेघ सरळ मागच्या दिव्यात जाती."

"डोळ्याला तसं वाटतंय. हाताला वाटत न्हाय. ती पत्र्यात मुरवलीया. दुधात साकर मुरावी तशी." वस्ताद सरळ उभे राहिले. "कोन मिस्त्री हाय रं हा?"

आरिफ जवळच होता. त्यानं जपून सांगितलं, "आजोबा, ह्याला मिस्त्री नसतोय. सगळं कॉम्प्युटरवर करत्यात. पत्रा मशीन दाबतंय, जोडतंयबी मशीनच."

"दाबू दे की. नमुना कुनी केला?"

"तोबी कॉम्प्युटर."

"न्हाय," म्हातारा म्हणाला. आवाज चढवला नाही. "हितं रेघ मारताना कुनाचा तरी हात फिरलाय. एकदा न्हाय, शंभरदा. मशीन रेघ जिथं संपवायची तिथं संपवतंय, मुरवत न्हाय."

आरिफ वाद घालणारा पोरगा नाही. त्यानं मोबाइल काढला आणि शोधायला लागला. थोड्या वेळानं त्याची बोटं थांबली. पडद्यावर एक मोठी, स्वच्छ खोली होती. मधोमध गाडीच्या आकाराची, गाडीएवढीच तपकिरी मातीची मूर्ती. तिच्याभोवती तीन-चार माणसं, हातात पातीसारखी हत्यारं, मातीचे पातळ पापुद्रे काढत होती. एक बाई हत्यार खाली ठेवून तळव्यानं तो आकार चाचपत होती.

आरिफनं एकेक करून वस्तादांना सांगितलं. माती आहे. खऱ्या मापाची गाडी आहे. आधी मशीन ढोबळ आकार कापतं, पण शेवटचं काम माणसं हातानं करतात. खरवडतात, लिंपतात, परत खरवडतात. एक बाई हात फिरवतीय.

"डोळं उगडं हायत का तिचं?" वस्तादांनी विचारलं.

आरिफनं पडदा डोळ्यांजवळ नेला. "मिटल्यात, आजोबा."

वस्तादांनी मान हलवली, जणू शेजारच्या गावातल्या ओळखीच्या कुणाचं नाव निघालं होतं. लालासाब मात्र सोप्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. ते आपल्या हातांकडं बघत होते.

"आठ-धा दिस मी ह्या गाडीला भेतोय," ते म्हणाले. "चपला काडून बसतोय. मला वाटलं, ही मानसंच येगळी. आपलं लाकूड, भुसा, पट्टी, आनि ह्यांचं कायतरी दुसरंच. आनि हितं बगतोय तर आपलंच काम हाय हो."

मी सत्तावीस वर्षांत त्यांचे किती पॅटर्न मापं लावून पास केले असतील. त्यातला एकही असा चाचपून बघितला नव्हता.

चहा झाल्यावर वस्तादांना पुढच्या सीटवर बसवलं. लालासाब स्वतः चालवायला बसले, चपला घालूनच. आंबोलीच्या रस्त्यानं आम्ही थोडं पुढं गेलो. दोन्ही बाजूंना काजूची झाडं. वस्तादांचा हात समोरच्या लाकडी पट्टीवर होता.

"केवढ्यानं चाललायस?"

"ऐंशीनं."

"मला वाटलं हुबा हायस." थोड्या वेळानं त्यांनी काच खाली करायला सांगितली. वारा आत घुसला, धोतराचा सोगा फडफडला. "आता कळालं," ते म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी काच लावू दिली नाही.

निघताना आरिफ त्यांच्या पाया पडला. वस्तादांनी त्याचा हात धरून ठेवला, तळवा उलटा करून अंगठ्यानं दाबून बघितला. "मऊ हाय," ते म्हणाले. "पर बोटं लांब हायत. हुईल."

परतताना आरिफ चालवत होता. गडहिंग्लजला इमामबीला घेतलं, तिनं माहेरचं सगळं सांगितलं, त्याचं नुसतं हूं हूं चाललं होतं. कोल्हापूर जवळ आल्यावर म्हणाला, "अब्बा, त्या पंपाच्या पॅटर्नवर शेवटचा हात मी फिरवू का? मशीनचं झाल्यावर."

"फिरव की," लालासाब म्हणाले.

हे झालं गेल्या डिसेंबरात. आता गाडी दर पंधरा दिवसांनी आजऱ्याला जाते. इमामबी गडहिंग्लजला उतरते. मागच्या डिकीत, डॉक्टरांनी बहुतेक बॅगाच ठेवल्या असतील तिथं, जुन्या चादरीत गुंडाळलेले नवे पॅटर्न असतात. सोप्यात वस्ताद ते मांडीवर घेतात, आणि त्यांचं बोट जिथं अडेल तिथं क्रांती खडूनं खूण करते. मागच्या खेपेला सातांपैकी दोन खूण घेऊन परत आले. त्यांतला एक मी मुद्दाम आमच्या जुन्या फौंड्रीत नेऊन मोजून घेतला. खडूच्या खुणेखाली फरक निघाला तो कागदाच्या जाडीएवढा. तपासणीतल्या पोरीनं मला विचारलं, हे कुठल्या मशीननं पकडलं. मी तिला कृष्णात सुतारांचं नाव आणि गाव सांगितलं, आणि तिनं ते तपासणीच्या कागदावर मशीनच्या रकान्यात लिहून घेतलं.