गौरीपुढची तुकडी

आमच्या कंपनीच्या बसच्या खिडक्या उघडत नसत. आधी त्याचं कौतुक वाटलं. नंतर वारज्याहून हिंजवडीला रोज जाताना-येताना बाहेरची धूळ आपल्या नाकात जात नाही, याचंही वाईट वाटायला लागलं. ऑफिसच्या काचाही उघडत नसत, आणि घरी बाल्कनीला ग्रिल. एका बंद डब्यातून दुसऱ्या बंद डब्यात असा माझा दिवस जायचा. आत कोण आहे ते कळावं म्हणून गळ्यात फोटोचं कार्ड.

त्या दिवसांत ऑनसाइटहून परतलेल्या एका सहकाऱ्याने मला धातूचे अंगठ्याएवढे सैनिक आणून दिले. परग्रहावर लढणारे, चिलखतात नखशिखान्त बंद. टेबलावर मांडून, फासे टाकून खेळायचा तो खेळ. पण नियम समजावून सांगायच्या आत सहकारी पुन्हा ऑनसाइट गेला आणि पुण्यात मला खेळायला कोणी मिळालं नाही. मग मी नुसतेच रंगवायला लागलो. पुढे परदेशातून आणखी मागवले. रविवारी सकाळी बाल्कनीत पाट मांडायचा, औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर सैनिक चिकटवायचा आणि चार केसांच्या ब्रशने त्याच्यावर जीव ओतायचा. तेवढा वेळ मला ग्रिल दिसत नसे.

रंग लावणं त्यातलं सोपं काम. खरी कला मळवण्यात असते. नवंकोरं चिलखत खोटं दिसतं, म्हणून सांध्यांत तपकिरी ओघळ सोडायचे, कडांना गंज चढवायचा, पायाशी चिखल लावायचा. चिखलासाठी मी हिंजवडीच्या रस्त्यावरची बुटाला लागलेली माती खरवडून चहाच्या गाळणीने चाळत असे. आईने ते पाहिलं तेव्हा म्हणाली, "तिकडच्या ग्रहावर माती मिळत नाही वाटतं?" आणि दुसऱ्या दिवशी नवी गाळणी आणली.

घरात आम्ही दोघंच. बाबा गेल्यावर पेठेतली जागा सोडून वारज्यात आलो, ते माझ्या नोकरीच्या सोयीसाठी. आई तिथे कुणाला ओळखत नव्हती. दुपारभर एकटी असायची, तक्रार मात्र करायची नाही, आणि ते मला जास्त जड जायचं.

मी रंगवलेल्या सैनिकांचे फोटो बंगळुरूच्या एका गृहस्थांनी इंटरनेटवर पाहिले. परदेशी गिऱ्हाइकांना सैनिक रंगवून देणारी त्यांची छोटी कार्यशाळा होती. फोनवर म्हणाले, "फोटोत सगळंच छान दिसतं. एक तुकडी पाठवा, हातात घेऊन बघतो. पसंत पडली तर इकडे या, शिकवायलाही माणूस हवाय." त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरी सोडून दिवसभर हेच करायचं! पुढचे कितीतरी रविवार मी त्या तुकडीवर घालवले. त्यात एकच जण शिरस्त्राण काढून काखेत धरलेला होता, त्यामुळे चेहरा फक्त त्यालाच. त्याच्या डोळ्यांखाली मी थकवा रंगवला. तसा थकवा मला रोज बसच्या काचेत दिसायचाच. शनिवारी तुकडी कुरिअरने जायची होती. आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिला एकटं टाकून कसं जायचं, हा विचार मनात रोज घोळवायचो आणि तिथेच थांबायचो.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, आईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, वारज्यातलं पहिलं. गौरीपुढे पायऱ्या करून खेळण्यांची आरास मांडायची आमच्याकडे पद्धत, पण जुनी खेळणी घर बदलताना फुटली होती. दुपारी तिचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. "तुझी ती चित्रं मांडू का रे आरासीत?" किल्ल्यावरच्या मावळ्यांनाही ती चित्रंच म्हणते. मी घाईघाईत म्हणालो, "हो हो, मांड."

संध्याकाळी घरी आलो तर दारात चपलाच चपला. आत बायका डाळ आणि पन्हं घेत होत्या. गौर झोपाळ्यात, पुढे कलिंगडाचं कमळ आणि दोन्ही बाजूंना माझी तुकडी पहाऱ्याला उभी. लखलखत होती.

"अय्या, चांदीचे का हो?" एक बाई विचारत होत्या.

"मुलाने जमवलेत," आई म्हणाली. इतकी खूश मी तिला त्या घरात पाहिलीच नव्हती.

बायका जाईपर्यंत मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मग शिरस्त्राण काखेत धरलेला तो हातात घेतला. चेहऱ्याच्या जागी नुसता चकचकीत गोळा. माझा आवाज चढला. "काय केलंस हे?"

"अरे, किती मळले होते ते! गंज काय, चिखल काय. गौरीपुढे तसे मांडायचे? सोड्यात भिजवले, तारेच्या घासणीने घासले, वरून चिंच लावली. तुझा फोन ठेवल्यापासून तेच करत होते. त्याखालचा रंगही निघाला, म्हटलं जाऊ दे, लख्ख दिसतायत."

आणि मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. बंगळुरू, कार्यशाळा, कुरिअर, नोकरी. आई खाली बसली. तिने पदराची कड चिमटीत धरली.

"माझ्यामुळे सांगितलं नाहीस?"

मी हातातला सैनिक परत आरासीत ठेवला.

"मला विचारलंस का कधी? मी काय तुझा हात धरून ठेवलाय?" ती उठली, गौरीला नमस्कार केला आणि आरासीतून एकेक सैनिक उचलून ताटात ठेवू लागली. "घे. परत रंगव. त्यांना फोन कर, महिनाभर थांबा म्हणावं. मला इथे चार बायका ओळखीच्या झाल्यात आता. माझं चालेल."

ताट तिने माझ्यापुढे धरलं. मला फक्त हात पुढे करायचा होता. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड आठवला, नवं शहर, त्या गृहस्थांना नाहीच आवडलं तर काय, तेही आठवलं. आणि आईचं नाव पुढे करायची सोय आता उरली नव्हती.

"अक्षय्य तृतीयेपर्यंत आरास हलवत नाहीत ना आपल्याकडे?" मी म्हणालो. "राहू दे."

मी कधी देवापुढे उदबत्तीही लावत नसे, हे आईला पुरतं ठाऊक होतं. ताट हातात तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सगळे सैनिक परत गौरीपुढे उभे केले.